जेजी-६२ मेला पाहिजे

माझ्या संशोधनातली बरीच वर्षं मेलेल्या झाडांच्या शेतात गेली. हे शेत आम्ही मुद्दाम बिघडवलेलं असतं. संशोधन केंद्रावर सगळे त्याला 'सिक प्लॉट' म्हणतात. दरवर्षी त्याच तुकड्यात हरभरा घ्यायचा. मर लागून वाळलेली झाडं उपटून जाळायची नाहीत, तर तोडून त्याच मातीत मिसळायची आणि पुढच्या रब्बीला पुन्हा हरभराच. कृषी खात्याची माणसं गावोगावी जे करू नका म्हणून सांगत फिरतात, ते सगळं तिथे नेमाने चालतं. हेतू एकच: मर रोगाची बुरशी, फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम, त्या मातीत सगळीकडे सारखी पसरावी. हरभरा नसला तरी ही बुरशी सहा-सहा वर्षं जमिनीत तग धरते, त्यामुळे फेरपालट करूनही शेतकऱ्याची तिच्यापासून सुटका होत नाही.

अशा प्लॉटात दर दोन-चार ओळींनंतर एक ओळ जेजी-६२ या वाणाची असते. हा वाण मरीला हमखास बळी पडतो. पेरणीनंतर महिनाभरात तो आडवा झाला की समजायचं, प्लॉट नीट लागलाय आणि शेजारच्या ओळीत जे हिरवं उभं आहे ते खरंच प्रतिकारक आहे. जेजी-६२ जगला, तर त्या कोपऱ्यातल्या नोंदी बाद. त्यामुळे बाकीचे लोक पीक कसं वाढतंय ते बघायला शेतात जातात, आणि आम्ही जेजी-६२ मेला का ते बघायला जायचो. मेला असला की दिवस चांगला जायचा. गंमत म्हणजे ह्याच मरणाऱ्या वाणाचं बियाणं दुसरीकडे निरोगी जमिनीत लाडाने वाढवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी मारायला काही उरत नाही.

बी.एस्सी. अ‍ॅग्री झाल्यावर एम.एस्सी.ला वनस्पती पैदास हा विषय घेतला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पैदासकार म्हणजे हातात वही, डोक्यावर टोपी आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला शेतात. जनुकशास्त्र आम्ही शिकलो ते मेंडेलच्या वाटाण्यावर आणि काय-स्क्वेअरच्या गणितांवर. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) हा शब्द सेमिनारमध्ये ऐकलेला, यंत्र कुणी पाहिलेलं नाही. आमच्या सरांचं म्हणणं असं, की डीएनए-बिएनए नंतर, आधी स्वतःच्या हाताने संकर करून दाखवा.

हरभऱ्याचा संकर हा बोटांचा कस आहे. फूल नखाएवढं. उमलायच्या आधीच त्याचे परागकोश फुटून आतल्या आत फलन होऊन जातं, म्हणून उद्या-परवा उमलेल अशी कळी हेरायची. निदलांतून पाकळ्यांचं टोक नुकतंच डोकावतंय, इतपतच वाढलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांत ती धरून चिमट्याने पाकळ्या बाजूला करायच्या, आतले दहाच्या दहा पुंकेसर काढायचे आणि स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग नर म्हणून निवडलेल्या झाडाचं ताजं फूल आणून त्याचे पराग हलकेच लावायचे, देठाला दोरा बांधायचा, लेबलवर पेन्सिलने लिहायचं. शाई नाही, कारण दवाने पुसते. एवढं करून बहुतेक कळ्या दोन दिवसांत गळून पडतात. थंडी वाढून पारा फार उतरला तर धरलेलीही गळतात. आणि जो घाटा धरेल त्यात दाणे एक किंवा दोन.

वर पानांवरची आंब. हरभऱ्याच्या केसाळ पानांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं; आमच्याकडे जुन्या बायका पहाटे पिकावर कापड फिरवून ती आंब टिपून ठेवायच्या, पोटदुखीवर औषध म्हणून. आठवडाभर क्रॉसिंग केलं की बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि जेवताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. या कामात आम्हा डिग्रीवाल्यांपेक्षा फिल्डवरच्या मजूर बायकांचा हात कितीतरी सरस. त्यांच्या लेबलांवरचे घाटे धरायचे आणि आमची लेबलं रिकामी लोंबत राहायची. शोधनिबंधात त्यांचं नाव कधी येत नाही. फार तर शेवटी 'फिल्ड स्टाफचे आभार' एवढीच ओळ.

झालेला संकर खरा की फूल आपलं आपणच फळलं, हे ओळखायला जेजी-६२ पुन्हा कामाला येतो. बहुतेक वाणांना एका देठावर एकच घाटा लागतो, जेजी-६२ला जोडघाटे लागतात, आणि हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे जेजी-६२ आई म्हणून घेतला असेल, तर खऱ्या संकराच्या झाडाला एकेकच घाटा दिसला पाहिजे. जोडघाटे दिसले की झाड उपटून बाजूला. यंत्र नको, रसायन नको. पुढे डीएनएवरून संकर तपासायची सोय झाली, तरी मी आधी घाटेच बघायची.

पीएच.डी.ला मात्र डीएनएच घेतला. हरभऱ्याच्या डीएनएवर तेव्हा पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, चांगलं काम चालू होतं. रसायनांच्या प्रयोगशाळेत हरभरा कशाला, असं आमच्या घरी सगळ्यांनी विचारून झालं. कोवळी पानं बर्फाच्या डब्यात घालून आणायची, द्रवरूप नायट्रोजन ओतून खलात पांढरी भुकटी होईपर्यंत घोटायची, सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायची, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १. वरचा थर अलगद काढून घेतला आणि त्यात थंड आयसोप्रोपेनॉल घालून नळी हळूच उलटीसुलटी केली, की पांढरे तंतू गोळा होताना दिसतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवले होते. तिने 'हं' म्हटलं आणि आपल्या नळ्यांकडे वळली; तिला त्याची सवय झाली होती.

त्या काळात आरएफएलपीसाठी, म्हणजे डीएनएमधले फरक ओळखायच्या जुन्या पद्धतीसाठी, किरणोत्सारी फॉस्फरस वापरायचे. पी-३२चं अर्धायुष्य १४ दिवसांचं, त्यामुळे मुंबईहून खोकं आलं की दिवाळी असो की गणपती, प्रयोग लावावाच लागे. मग आरएपीडी आलं, बोलताना 'रॅपिड'. दहा अक्षरांचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे), किरणोत्सार नाही, स्वस्त, आणि सगळीकडे त्याची लाट. त्याचा स्वभाव लहरी. आज जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) दिसलेला पट्टा महिन्याने दिसेलच असं नाही. टॅक एन्झाइमची बाटली बदलली, यंत्र बदललं की चित्र बदललं. त्यात लोडशेडिंग. पीसीआर मध्यावर आला की वीज जायची आणि सगळ्या नळ्या वाया. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं आणि आमचे प्रयोग त्या वेळापत्रकावर बसवलेले.

खरी अडचण हरभऱ्याची स्वतःची होती. लागवडीखालच्या वाणांत डीएनएच्या पातळीवर फरकच फार कमी. जेजी-६२ रोगाने मरतो, डब्ल्यूआर-३१५ हा दुसरा वाण त्याच मातीत ठणठणीत उभा राहतो; जेलवर मात्र दोघांचे पट्टे ओळीने सारखेच. प्रायमरमागून प्रायमर लावायचे आणि रात्री यूव्ही लाइटखाली तेच ते चित्र बघायचं. म्हणून जगभर लोक हरभऱ्याचा संकर त्याच्या रानटी भावंडाशी, सायसर रेटिक्युलॅटमशी, करून जनुकांचे नकाशे बनवत होते, कारण तिथे फरक भरपूर मिळायचा. पैदासकाराला त्याचा उपयोग मर्यादित. आम्हाला फरक हवा होता तो शेतकऱ्याच्या दोन वाणांमधला. तो मिळायला लागला फ्रँकफर्टच्या गटाने हरभऱ्याचे मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा, काढले तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. टीए-५९, टीआर-१९ अशी त्यांची नावं. सिल्व्हर स्टेनिंग केलेल्या जेलवर जेजी-६२चा पट्टा वर आणि डब्ल्यूआर-३१५चा खाली असा स्पष्ट दिसला, त्या दिवशी सरांनी सगळ्यांना चहाबरोबर भजी मागवली. एरवी त्यांच्या खिशातून चहासुद्धा निघत नसे.

मार्कर मिळाले तरी ते कशाशी ताडून बघायचे? झाडाशी. इथे सिक प्लॉट पुन्हा आला. दोन वाणांचा संकर करायचा, दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक झाडाचा एकच दाणा पुढे न्यायचा, असं सहा-सात पिढ्या करत स्थिर ओळी, म्हणजे पुढे गुण न बदलणारे वंश, तयार करायच्या. हरभरा रब्बीचा, म्हणजे वर्षाला एक पिढी. सरळ हिशोब आहे: एका विद्यार्थ्याच्या पीएच.डी.त हे बसत नाही. मला माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने पुढे आणलेल्या ओळी मिळाल्या, मी सुरू केलेल्या माझ्यानंतरच्या मुलीने वापरल्या. २०१८ मध्ये 'स्पीड ब्रीडिंग'चं तंत्र आलं, दिव्याखाली २२ तास उजेड देऊन वर्षात हरभऱ्याच्या सहा पिढ्यांपर्यंत काढता येतात असं दिसलं, तेव्हा आमच्या पिढीतल्या पैदासकारांना आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली.

या ओळींवर संकटं येतात ती पुस्तकात नसतात. घाटेअळी येते, त्यावर फवारणी करता येते. जानेवारीत ढाळे खाणाऱ्यांवर काय फवारणार? केंद्राच्या रस्त्याने जाणारी माणसं, शाळेतली पोरं, कधी आपलेच पाहुणे, हिरव्या घाट्यांनी भरलेलं झाड दिसलं की सहज उपटून सोलाणे खात पुढे जातात. त्यांचा काही दोष नाही. हरभऱ्याच्या शेतावरून रिकाम्या हाताने जायचं ही रीतच नाही आपल्याकडे. पण ज्या ओळीत मोजून दहा झाडं आहेत आणि मागे तेवढ्याच वर्षांचं काम आहे, त्यातली चार गेली की आकडेवारी कोसळते. शेवटी फिल्डवरच्या मामांनी बांधावर साधा हरभरा दाट पेरून ठेवायला सुरुवात केली. खाणारे तो खायचे, आतले प्लॉट वाचायचे.

हे मामा सिक प्लॉटातले माझे खरे गुरू. रोपं मेलेली दिसली की 'मर' असं लिहून मोकळं होता येत नाही. पेरणीनंतर लवकर मेलेल्या रोपाच्या बुंध्याशी पांढरं जाळं आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले तर ती खोडकूज, तिचा आमच्या बुरशीशी संबंध नाही. मरीत झाड आधी मलूल होतं, पानं खाली झुकतात, रोप अजून हिरवं असतं. बुंधा ब्लेडने उभा चिरला की मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसते; बुरशीने पाण्याच्या नळ्या बुजवलेल्या असतात. मी प्रत्येक रोप चिरत बसायची तेव्हा मामा म्हणायचे, "मॅडम, मेलं त्ये मेलं. आता चिरून काय पंचनामा करता?" म्हणायचे तसं, पण संशयातली रोपं वेगळी काढून माझ्यासाठी ओल्या कापडात गुंडाळून ठेवणारेही तेच. प्लॉटातून बाहेर पडताना बूट धुवायला लावणारेही तेच. तिथली माती दुसऱ्या प्लॉटात गेली तर काय होईल ते त्यांना आमच्याइतकंच कळत होतं.

रोपं किती मेली यापेक्षा कधी मेली हे जास्त बोलकं असतं. ही गोष्ट या रोगाच्या जनुकशास्त्रातली मला सर्वांत आवडती. मरीच्या बुरशीचे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यांना रेस म्हणतात. आपल्या दख्खनच्या बाजूला मुख्यतः रेस १. तिच्याविरुद्ध हरभऱ्याकडे एकच जीन नाही, किमान तीन आहेत. त्यातला एकेकटा जीन झाडाला वाचवत नाही, फक्त मरण लांबवतो. जेजी-६२ महिन्यात जातो, तर के-८५० किंवा सी-१०४ हे वाण फुलोऱ्यापर्यंत आणि पुढेही रेटतात, मग मरतात. हंगामाच्या शेवटी एकदाच मोजणाऱ्याच्या वहीत तिघांपुढे शंभर टक्के मर, म्हणजे तिघे सारखेच. पण के-८५० आणि सी-१०४ यांचा संकर केला तेव्हा पुढच्या पिढीत पूर्ण प्रतिकारक झाडं निघाली. दोघंही मरणारे, आणि पोटी न मरणारी संतती. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे १९८३च्या सुमारास दाखवून दिलं होतं. दोघांकडे वेगवेगळा एकेक जीन होता, एकत्र आल्यावर रोगाची मात्रा चालेना. सर त्यामुळे दर आठवड्याला मोजणी करायला लावायचे आणि आम्ही कुरकुरायचो. मार्कर शोधताना त्या साप्ताहिक वह्यांनीच काम केलं. 'जगला की मेला' एवढीच नोंद असती तर ते जीन एकमेकांत मिसळून गेले असते.

नोकरीत लागल्यावर मार्करचा प्रत्यक्ष उपयोग करायची वेळ आली. कल्पना सोपी. लोकांच्या आवडीचा, पण मरीला बळी पडणारा जुना वाण घ्यायचा, डब्ल्यूआर-३१५शी संकर करायचा आणि संततीचा पुन्हा पुन्हा त्या जुन्या वाणाशीच संकर करत राहायचा. तीन वेळा केला की सरासरी ९३.७५ टक्के जुना वाण परत येतो, फक्त हवा तो तुकडा दात्याचा, म्हणजे डब्ल्यूआर-३१५चा, राहतो. तो तुकडा कुठल्या रोपात आहे हे मार्कर सांगतो. कर्नाटकातल्या अण्णिगेरी-१ या लोकप्रिय वाणात असंच करून सुपर अण्णिगेरी-१ तयार झाला आणि २०१९ मध्ये तो प्रसारित झाला, तेव्हा आमच्यासारख्या सगळ्यांनाच हुरूप आला.

कागदावर सोप्या असलेल्या या कामात धावपळ कुठे असते? पेरणी ते फुलोरा यातल्या जेमतेम सहा आठवड्यांत. रोप दोन-तीन आठवड्यांचं झालं की एकेक पान खुडायचं, नंबर टाकायचा, डीएनए काढायचा, पीसीआर, जेल, वाचन. आणि कळ्या दिसायच्या आत शेतावर यादी पोचली पाहिजे, की ही रोपं ठेवा आणि ही सोडा. निम्मी रोपं बाद होणार हे आधीच माहीत असतं, पण कुठली निम्मी ते जेल सांगेपर्यंत कळत नाही. रसायनाची ऑर्डर फायलीत अडकली तर फूल थांबत नाही. एका वर्षी एका कार्यालयातल्या सहीपायी एन्झाइम उशिरा आलं आणि आम्ही सगळ्याच रोपांवर आंधळे संकर करून ठेवले. दुप्पट मेहनत, पण वर्ष वाचलं.

त्या ओळी शेवटी सिक प्लॉटात गेल्या. मार्कर असलेल्या बहुतेक ओळी उभ्या राहिल्या. काही मार्कर असूनही मेल्या, कारण मार्कर म्हणजे जीन नव्हे, जीनच्या शेजारचं घर आहे. पिढ्या बदलताना दोघांची ताटातूट होऊ शकते. म्हणून जीनच्या दोन्ही बाजूंचे मार्कर धरायचे. तेही करून काही मरतात, कारण कदाचित दुसरा जीन सोबत आलेला नसतो. २०१३ मध्ये हरभऱ्याचा जीनोम वाचून झाला, ७३८ दशलक्ष अक्षरं आणि २८ हजारांवर जीन. २०२१ मध्ये तर ३,३६६ वाणांचे आणि रानटी नमुन्यांचे जीनोम एका फटक्यात प्रसिद्ध झाले. एका पट्ट्यासाठी रात्र काढलेल्या मला ते बघून चक्कर आल्यासारखं झालं. पण प्रकल्पाचे प्रस्ताव तपासताना मी आजही पाहते, सिक्वेन्सिंगला कोटीची तरतूद असते आणि सिक प्लॉटाला मजुरी नसते. मग जीनोम वाचलेल्या शेकडो ओळींपुढे रोगाची नोंद एकाच हंगामाची, एकाच जागेची, एकाच मोजणीची. अशा माहितीतून जो जीन सापडतो त्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि हे मी बैठकीत बोलले की तरुण मंडळी एकमेकांकडे बघतात.

वाण म्हणून मान्यता मिळवणं हे आणखी वेगळंच प्रकरण. देशभरच्या समन्वित प्रकल्पाच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालतात, मग चारही कृषी विद्यापीठांच्या जॉइंट अ‍ॅग्रेस्को या संशोधन बैठकीत आकडे मांडायचे. तिथे राहुरी, अकोला, परभणी, दापोलीचे जाणते समोर बसलेले असतात आणि तुलनेसाठी पेरलेल्या तुमच्या तुल्यवाणाच्या उत्पादनापासून खतमात्रेपर्यंत सगळं उसवतात. त्याहून अवघड परीक्षा शिवार फेरीत. मी जीनबद्दल उत्साहाने सांगत होते, आणि एका शेतकऱ्याने विचारलं, "ताई, हार्वेस्टरने निघतो का हा?" मजूर मिळत नाहीत, खालचे घाटे जमिनीला टेकलेले असले तर यंत्र घेत नाही. फुले विक्रमसारखा उंच वाण लोकांनी उचलला तो त्यापायी. मरीचा जीन हे त्यांच्या लेखी गृहीतच होतं.

गेल्या काही वर्षांत सिक प्लॉटात वेगळंच दिसायला लागलंय. घाटे भरायच्या सुमाराला ऊन तापतं, जमिनीतली ओल जाते आणि मरीला दाद न देणारी झाडं गवती रंगाची होऊन वाळतात. बुंधा चिरला तर काळी रेघ नाही. उपटायला गेलं तर झाड हलकेच हातात येतं आणि सोटमूळ तुटून खाली राहतं. उपमुळं झडून गेलेली असतात. ही कोरडी मूळकूज, रायझोक्टोनिया बटाटिकोला. तापमान तिशीच्या वर आणि पाण्याचा ताण पडला की ती उचल खाते. डब्ल्यूआर-३१५सारखा भरवशाचा दाता तिच्यासाठी हाती नाही. आता आमच्या विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी वेगळा सिक प्लॉट करायला घेतलाय. ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवून ती पेरणीच्या ओळीत टाकतात. जागा विहिरीपासून लांबची निवडली, कारण तिथे पाणी जास्त झालं तर रोगच येत नाही.